चार नंबरच्या मशीनचं दुसरं उत्तर

सुरुवातीलाच सांगते. हे खरं घडलंय, माझ्या डोळ्यांदेखत घडलंय आणि माझ्या सख्ख्या मामाच्या बाबतीत घडलंय. ज्यांना पटणार नाही त्यांनी इथेच थांबावं. खाली कमेंटमध्ये येऊन 'ताई, पंख्याची हवा असेल' असलं शहाणपण शिकवू नये. ते मी स्वतःला शिकवून झालंय.

आणि रात्रबित्र नव्हती. बुधवार होता. दुपारचे सव्वातीन. बाहेर टळटळीत ऊन आणि शेडमधल्या सगळ्या ट्यूबलाइट चालू.

आमचं वर्कशॉप पुठ्ठ्याचे खोके बनवतं. मी तिथे ड्रॉइंगचं काम करते. वरच्या माळ्यावर माझी काचेची केबिन, खाली मशीन. मामा खाली मशीनवर असतो. माझे बाबा लवकर गेले, त्यामुळे मामानेच मला शिकवलं, त्यानेच इथे चिकटवलं. तो मला ठिणगी म्हणतो. समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी पेटते, म्हणून.

तर मामा हा माझ्यासाठी काय आहे ते लक्षात आलं असेल. त्याला काही झालं असतं तर मी वेडी झाले असते.

फेब्रुवारीत साहेबांनी एक जुनी मशीन आणली. आमची चार नंबर. कुठला तरी बंद पडलेला कारखाना, तिथून दलालामार्फत. ड्रॉइंग नाही, माहितीपुस्तक नाही. काम साधं होतं. मोटर एक मोठं चाक फिरवते, त्यावरचा आखूड दांडा गोल फिरतो, तो एका लांब दांड्याला ढकलतो-ओढतो आणि तो लांब दांडा एका लोखंडी हाताला झुलवतो. हात उजवीकडून येतो, पुठ्ठ्याची थप्पी सरकत्या पट्ट्यावर ढकलतो, मागे जातो.

ठक… ठक… ठक. मिनिटाला पंधरा वेळा.

मामा डावीकडे स्टुलावर बसून पुठ्ठे लावायचा. डावी बाजू रिकामी. तिथे मशीनचा एकही भाग नाही. हे नीट लक्षात ठेवा.

आठ-दहा दिवसांनी जेवणाच्या सुट्टीत मामा म्हणाला, "ठिणगे, चार नंबरवर डाव्या कानाला वारा लागतो गं."

"पट्ट्याची हवा असेल."

"पट्टा उजवीकडे आहे."

"मग म्हातारा झालास. कान वाजतात."

"वाजत नाहीत," तो म्हणाला. "वारा लागतो. दर फेरीला एकदा."

मी हसण्यावारी नेलं. मग त्याचा चहाचा ग्लास पडला. डाव्या बाजूच्या फळीवर ठेवलेला. पुन्हा दुसरा आणला, तोही पडला. तिसऱ्यांदा स्टीलचा ठेवला, तर तो पडलाच, वर त्याला अंगठ्याएवढा पोचा. मामी घरी ओरडली, की ग्लास कुठे आपटतोस म्हणून. मामा गप्प बसला. मामा गप्प बसणारा माणूस नाही.

मार्चमध्ये मोठी ऑर्डर आली. साहेब म्हणाले, "मॅडम, चार नंबर पंधरावरून पंचवीसवर न्यायचीय. झेपेल का बघून सांगा."

त्यासाठी हात कुठल्या क्षणी कुठे असतो, किती जोरात असतो, ते काढावं लागतं. मी आणि मामाने टेप लावून सगळे दांडे मोजले. मग मी एक्सेल उघडलं. एक ओळ म्हणजे मोटरची एक अंश फेरी. शून्यापासून तीनशे एकोणसाठपर्यंत, तीनशे साठ ओळी. प्रत्येक ओळीत हाताचं टोक किती आडवं, किती उंच. दहा वर्षं हेच करतेय, झोपेतही जमेल.

यात एक गंमत असते. शाळेत कंपासने दोन कंस काढायचो, आठवतं? ते दोन ठिकाणी छेदायचे. एक बिंदू वर, एक खाली. आपल्याला हवा तो घ्यायचा, दुसरा सोडून द्यायचा. इथेही तसंच. गणिताला दोन उत्तरं येतात. तेच दांडे, त्याच लांबीचे, दोन तऱ्हांनी जोडता येतात. एका तऱ्हेने हात उजवीकडे झुलतो. दुसऱ्या तऱ्हेने डावीकडे.

आमची मशीन उजवीकडची. डावीकडचं उत्तर फक्त कागदावर. ते खोडायचं आणि पुढे जायचं.

मी नेहमी खोडते. त्या दिवशी चहा आला म्हणून राहिलं.

चहा पिऊन आले तर आलेखात दोन रेघा. खऱ्या हाताची निळी. आणि नसलेल्या हाताची नारिंगी.

नारिंगी रेघ डावीकडे लांब गेली होती. किती लांब, म्हणून मी सहज आकडे बघितले. मग सहज वहीतलं माप बघितलं, जिथे मी खालच्या वस्तूंच्या जागा लिहिल्या होत्या.

नारिंगी रेघेचं टोक… बरोबर त्या फळीवर होतं. ग्लासच्या जागी.

आणि परत येताना ती रेघ मामाच्या स्टुलाच्या बाजूने जात होती. कानाच्या उंचीवरून. चार बोटांचं अंतर.

मी खुर्चीत बसून राहिले. तरी डोकं म्हणत होतं, योगायोग आहे, बावळटासारखी घाबरू नकोस.

मग मला माझाच राग आला. म्हटलं, आकडा आहे ना, मग आकड्यानेच तपासू.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेल्यावर मी मामाला थांबवलं. मोटरची वायर काढून बाजूला ठेवली. शीटमधली एकशे एकतीस अंशांची ओळ घेतली. त्या ओळीत नारिंगी टोक जिथे होतं, तिथे वरच्या तुळईला दोरा बांधून एक नट लोंबकळत सोडला. चारी बाजूंना काही नाही. मोकळी हवा.

"मामा, हाताने मोठं चाक फिरव. हळू. एकेक अंश."

"आणि?"

"आणि काही नाही. मग मी गप्प बसते."

"मग तर फिरवलंच पाहिजे," मामा म्हणाला आणि चाकाला हात घातला.

एकशे अठ्ठावीस. नट स्थिर.

एकशे एकोणतीस. स्थिर.

एकशे तीस. मला हसू यायला लागलं होतं.

एकशे एकतीस…

नट बाजूला सरकला.

झुलला नाही. झुलला असता तर मी वारा म्हटलं असतं. तो सरकला आणि तिथेच थांबला. दोरा तिरका झाला आणि तिरकाच राहिला. कोणीतरी बोट लावून धरावं तसा.

मामाने चाक एक अंश पुढे नेलं. नट अजून थोडा सरकला. मागे आणलं. नट हळूहळू परत आला.

मामाने चाकावरचा हात काढला.

"मामीला सांगू नकोस," तो म्हणाला. एवढंच.

"तू त्या स्टुलावर बसायचं नाहीस."

"नाही बसत."

"माझी शपथ?"

"अगं नाही बसत म्हटलं ना. मला काय हौस आहे?"

मी साहेबांना दोन दिवस मागितले. म्हटलं, हिशेब जुळत नाही, तोवर चार नंबर बंद ठेवा. नसलेल्या हाताबद्दल काय सांगणार होते? मला काढूनच टाकलं असतं.

मग मी दलालाच्या मागे लागले. त्याने जुन्या कारखान्याच्या एका फिटरचा नंबर दिला. आता घरीच असतात, वय झालंय, म्हणाला. फोन लागला तो त्या बुधवारी. दुपारी तीनला.

"काका, ती पुठ्ठा ढकलायची मशीन. तुमच्याकडची. ती आमच्याकडे आहे."



"डावीकडे कोणी बसत नाही ना?" काकांनी विचारलं.

मी काहीच सांगितलं नव्हतं. डावीकडचं एक अक्षरही नाही.

"का? काय झालं होतं तिथे?"

"ताई, ती मशीन आधी डाव्या हाताची होती. तशीच जोडलेली आली होती. एक माणूस सापडला त्यात. छातीवर बसला हात. मग मालक म्हणाले, मशीन खोला आणि उलटी जोडा, हात उजवीकडे घ्या. मीच जोडली. माझ्या या हातांनी."

"मग?"

"मग वर्षभरात दुसरा माणूस गेला. डावीकडेच उभा होता. मशीनपासून चार फूट लांब. मशीनने त्याला हातही लावला नव्हता, सगळ्यांनी बघितलं. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. पण बरगड्या मी बघितल्या होत्या ताई. त्या आत गेल्या होत्या."

मी समोरची नारिंगी रेघ बघत होते.

"त्यानंतर आम्ही तिथे जमिनीवर पिवळ्या रंगाचा पट्टा मारला. पट्ट्याच्या आत कोणी जायचं नाही. बाकी मशीन चालू द्यायची. आता मी सांगतो ते नीट ऐका, त्या मशीनला—"

आणि तेवढ्यात खालून आवाज आला.

ठक, ठक, ठक.

चार नंबर. आणि पंधराने नाही… पंचवीसने.

मी फोन कट केला. काका बोलत होते, मी कट केला. हे मी पुढे किती वेळा आठवलंय ते मलाच ठाऊक.

काचेतून खाली बघितलं. साहेब मशीनपाशी उभे होते. ऑर्डरची गाडी दारात लागली होती. आणि स्टुलावर मामा; साहेबांनीच बसायला सांगितल्यावर त्याला नाही म्हणवलं नसणार. वेग वाढल्यावर पुठ्ठे लावायला हात पुरेना म्हणून तो स्टूल वीतभर पुढे ओढू लागला होता.

वीतभर. आणि रेघेपासून अंतर चार बोटांचं.

मी ओरडले. त्या गोंगाटात कोणाला ऐकू जातंय. जिना कसा उतरले ते आठवत नाही. एवढंच आठवतं की धावताना मला दोन आवाज ऐकू येत होते. उजवीकडचा ठक. आणि दोन ठकांच्या मधे… डावीकडून, एक घुमल्यासारखा आवाज. जड काहीतरी हवेतून जाताना येतो तसा.

मी लाल बटणावर हात मारला.

मोटर बंद झाली. चाक जुनं, लगेच थांबत नाही. घरंगळत अर्धी फेरी गेलं. मग थांबलं.

"काय मॅडम, वेड लागलंय का?" साहेब म्हणाले.

मी मामाकडे बघत होते. तो पुठ्ठा हातात धरून ताठ बसला होता. चेहऱ्यावरचा रंग उडालेला.

"मामा, उठ."

"ठिणगे," तो अगदी हळू म्हणाला, "माझ्या छातीवर कोणीतरी हात ठेवलाय."

त्याच्या समोर काही नव्हतं. मी शपथेवर सांगते, काही नव्हतं. पण त्याचा शर्ट… छातीपाशी आत दबला होता. तळहाताएवढी जागा.

साहेबांनी ते बघितलं. ते दोन पावलं मागे गेले आणि पुठ्ठ्यांच्या थप्पीला धडकले.

"मागे सरक," मी म्हटलं.

"मागे खांब आहे."

स्टुलाच्या मागे लोखंडी खांब. इतके दिवस मामा त्याला टेकून बसायचा, आराम पडतो म्हणून. आता त्याची पाठ खांबापर्यंत ढकलली गेली होती; तो खांब आणि ते जे काही होतं, त्यांच्यामध्ये मामा होता.

आणि मग मला चाक हलताना दिसलं.

मोटर बंद असली तरी खऱ्या हाताचं वजन असतं. तो हळूहळू खाली येत होता आणि चाकाला सोबत ओढत होता. अगदी हळू. एक अंश. अजून एक. मामाच्या तोंडातून हुं असा आवाज निघाला.

मी चाकाला मिठी मारली. दोन्ही हातांनी, पोटाने, गुडघ्याने. ते माझ्यासकट फिरायला बघत होतं. माझ्या डोक्यात ओळी पळत होत्या. दोनशे चारपासून पुढे नारिंगी टोक खाली येत खांबाकडे जातं. मागे न्यायला हवं. मागे, दोनशेच्या खाली.

"साहेब, चाक धरा. माझ्याकडे ओढा. उलटं."

साहेब हलेनात.

"अहो, धरा म्हणते ना!"

ते आले. आम्ही दोघांनी मिळून चाक मागे ओढलं. शर्टावरची ती दबलेली जागा हळूहळू सैल झाली. मामा स्टुलावरून खाली घसरला, जमिनीवर आडवा झाला आणि सरपटत बाहेर आला. तो बाहेर आल्यावर मी चाक सोडलं.

चाक पुढे गेलं. स्टूल आपोआप सरकत गेलं आणि खांबाला लागलं. मग त्याचे पाय कडाकडा मोडले. समोर कोणी नसताना.

मामाच्या दोन बरगड्यांना चीर गेली होती. दवाखान्यात सांगितलं, पडलो. मामीलाही तेच सांगितलं. त्या रात्री मी घरी येऊन लहान मुलीसारखी रडले.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांच्या टेबलापुढे उभी राहिले. म्हटलं, ती मशीन कापून भंगारात गेली पाहिजे. आज. नाहीतर मी इथे पाय ठेवणार नाही. साहेब एका शब्दाने नाही म्हणाले नाहीत. त्यांनीच गॅसकटरवाल्याला फोन लावला.

मामाला खाटेवर पडल्या पडल्या सांगितलं तर तो म्हणाला, "त्या काकांचं बोलणं पुरं ऐकलंस का तू?"

"आता काय ऐकायचंय त्यात?"

"ते सांगत होते ना काहीतरी. आधी विचार, मग काप."

"मामा, ती मशीन मला एक दिवसही तिथे नकोय."

संध्याकाळपर्यंत चार नंबरचे तुकडे टेम्पोत भरून गेले. मी उभी राहून बघितलं. शेवटी तो हात गेला, तीन तुकड्यांत. माझा जीव भांड्यात पडला.

तीन आठवड्यांनी मामा कामावर आला. छातीला पट्टा बांधलेला, हलकं काम दिलेलं. पहिल्याच दिवशी तो चार नंबरच्या रिकाम्या कोपऱ्यात झाडू मारायला गेला.

मी वरून बघत होते. तो झाडत होता, झाडत होता… आणि झाडू त्याच्या हातातून उडाला. पार दारापर्यंत.

मामा तसाच उभा राहिला. मग एक पाऊल मागे. अजून एक. मान वर करून त्याने माझ्या केबिनकडे बघितलं.

मी काकांना फोन केला. नंबर तीनदा चुकला.

"तेव्हा तुम्ही फोन ठेवलात," ते म्हणाले. रागाने नाही. थकल्यासारखं म्हणाले. "मी सांगत होतो, त्या मशीनला मोडू नका. बंद करून, चाकाला साखळी घालून ठेवून द्या. लोखंड होतं तोवर त्या डावीकडच्या हाताला माप होतं ताई. लोखंड थांबलं की तोही थांबायचा. आम्ही मोडायला गेलो होतो एकदा. मोटर आधी काढली, तर त्या रात्री तो मोटर नसताना फिरला. घाबरून परत बसवली."

"आता काय करायचं?"

"आता मला माहीत नाही," काका म्हणाले.

मी शीट उघडून बसले होते. सगळं त्यात होतं, प्रत्येक अंश. पण निळा हात कुठे आहे ते दिसलं तरच नारिंगी कुठे आहे ते कळणार. निळा हात मी कापायला लावला होता. आता तो कुठे आहे, कधी येतो, किती वेगाने येतो, मला कळायला काहीच मार्ग नाही. दांड्याची लांबी तरी तीच राहिली असेल का, तेही मला माहीत नाही.

त्या कोपऱ्यात आता पिवळा पट्टा मारलाय. साहेबांनी स्वतः मारला. कोणी विचारलं तर खाली केबल आहे म्हणून सांगतो.

मामा एप्रिलमध्ये निवृत्त होणार होता. झाला नाही. पट्ट्याबाहेर एक लोखंडी खुर्ची टाकून दिवसभर बसतो, कोणी चुकून आत जाऊ नये म्हणून. मामी भांडते, मी भांडते. "मला त्याचा वारा कळतो," तो म्हणतो. "दुसऱ्या कोणाला कळणार नाही." हे सगळं माझ्यामुळे झालंय हे त्याला माहीत आहे. एकदाही बोलला नाही. बोलला असता तर मला बरं वाटलं असतं.

काल दुपारी मी खाली गेले. खुर्ची पट्ट्यापासून चांगली दोन फूट मागे होती. मामा तिच्यावर बसलेला, दोन्ही हात गुडघ्यांवर.

"मामा, खुर्ची मागे का घेतलीस?"

त्याने माझ्याकडे बघितलं नाही. तो त्या मोकळ्या जागेकडेच बघत होता.

"मी नाही घेतली," तो म्हणाला. "मी नुसता बसलो होतो."